ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? दहावीनंतर आपला डिजिटल कारभार आपल्या हाती घेताना

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावात नेट कॅफेंसमोर गर्दी होते. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश आधी मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या भागांपुरते होते. २०२५ पासून ते सगळ्या राज्याला लागू झाले. रांगेतला मुलगा प्लास्टिकच्या पिशवीतून आधार, टीसी, मार्कशीट काढून काउंटरवर ठेवतो आणि आतला दादा भराभर अर्ज भरतो. ईमेल दादाच काढून देतो. मोबाइल नंबर बऱ्याचदा दादाचाच. पासवर्ड म्हणजे मुलाचं नाव, पुढे ॲट आणि १२३. पैसे दिले, प्रिंट घेतली, काम झालं.

गोची पुढच्या फेरीत होते. पसंतीक्रम बदलायचा असतो, ओटीपी दादाच्या फोनवर जातो, नेमका रविवार असतो आणि शटर खाली असतं. दादाचा हेतू वाईट नसतो. दिवसाला पन्नास अर्ज भरणाऱ्याला स्वतःचा नंबर टाकणं सोयीचं पडतं, एवढंच. पण शिष्यवृत्ती, सीईटी, वसतिगृह, पुढे बँकेचं खातं अशी सगळी साखळी त्याच नंबरावर आणि त्याच ईमेलवर उभी राहत जाते.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या मदतकक्षात बसून दर जून-जुलैला मी हे बघतो. शाळेत ‘जबाबदार डिजिटल नागरिक’ या विषयावर व्याख्यानं होतात, फलक रंगवले जातात. ज्या मुलाच्या हातात स्वतःच्याच खात्याचा पासवर्ड नाही, त्याला ते व्याख्यान देऊन काय उपयोग? म्हणून आधी स्वतःचा कारभार, मग इतरांशी वागणूक, या क्रमानं जाऊ.

नंबर आणि ईमेल

अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत सिम तुमच्या नावावर मिळत नाही, ते आई-वडिलांच्या नावावरच घ्यावं लागतं. हरकत नाही. सिम घरातल्या माणसाचं असावं, चालू असावं आणि ज्या फोनमध्ये ते आहे तो फोन तुम्हाला हवा तेव्हा मिळावा, एवढं पुरे. मुंबईला कामाला असलेल्या मामाचा नंबर देऊ नका. ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते आणि मामा तेव्हा लोकलमध्ये लटकत असतो. अर्जात दिलेल्या नंबरचं रिचार्ज चुकवू नका. बराच काळ बंद पडलेला नंबर कंपनी काढून घेते आणि कालांतराने दुसऱ्या कुणाला तरी देते. मग तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.

ईमेल स्वतः, स्वतःच्या फोनवरून काढा. गूगलचं खातं तेराव्या वर्षापासून स्वतःचं स्वतः चालवता येतं. पत्ता साधा ठेवा: नाव, आडनाव आणि लागलाच तर एखादा आकडा. ‘किंग’, ‘रॉयल’, ‘भाई’ असलं काही त्यात नको. हाच पत्ता चार वर्षांनी नोकरीच्या अर्जावर जाणार आहे. जन्मसालही घालू नका. त्याचं कारण आधारच्या फाइलकडे आलो की सांगतो.

ईमेलला इतकं महत्त्व का? कुठल्याही संकेतस्थळावर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की नवा पासवर्ड ठरवायची लिंक ईमेलवर किंवा फोनवर येते. म्हणजे ईमेल ज्याच्या ताब्यात, त्याच्या कमरेला घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. म्हणून खातं काढल्याबरोबर सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी करा: घरातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाचा ईमेल ‘रिकव्हरी’साठी जोडा आणि ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा. दुसऱ्यामुळे पासवर्ड कुणाला कळला तरी फोन हातात असल्याशिवाय खातं उघडत नाही.

पासवर्ड

चार आकडी पिनमध्ये १०,००० शक्यता असतात. तुम्ही जन्माचा दिवस आणि महिना पिन म्हणून ठेवलात की त्या ३६६ वर येतात, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना तुमचा वाढदिवस पाठ असतो.

नीट बांधलेलं संकेतस्थळ तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्यावर एक गणिती प्रक्रिया करून अक्षरांची एक लांबलचक माळ तयार करतं आणि ती ठेवतं. तिला ‘हॅश’ म्हणतात. पासवर्डवरून हॅश काढता येतो, हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. मग चोर काय करतो? लाखो प्रचलित पासवर्डांचे हॅश आधीच काढून ठेवतो आणि चोरलेल्या यादीशी जुळवतो. ‘नाव ॲट १२३’ त्या जुळवणीत लगेच सापडतो. एका ठिकाणी सापडलेला पासवर्ड तो मग ईमेल, इन्स्टाग्राम, शिष्यवृत्तीचं पोर्टल असा सगळीकडे लावून बघतो. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरू नका, हे सांगण्यामागे हे कारण आहे.

सोपी रीत अशी. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या, रोमन लिपीत लिहा, मध्ये एखादं चिन्ह आणि आकडा टाका. उदाहरणार्थ तांब्या, बुधवार, कंदील, भेंडी. लक्षात राहतो, लांब असतो आणि इंग्रजी शब्दांच्या यादीत सहसा नसतो. (हेच चार शब्द वापरू नका, ते आता छापले गेले.) निदान ईमेलचा पासवर्ड पूर्ण वेगळा ठेवा. बाकीचे लक्षात राहत नसतील तर घरच्या वहीत लिहा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं बरेच जण सांगतात. मला ते विद्यार्थ्यांच्या बाबतीत पटत नाही. घरातल्या कपाटात ठेवलेल्या वहीपर्यंत पोचायला चोराला तुमच्या घरी यावं लागतं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेल्या पासवर्डसाठी तेवढेही कष्ट नाहीत.

फाइल: केबी, पीडीएफ आणि मराठी अक्षरं

‘फोटो ५० केबीच्या आत हवा’ ही ओळ वाचून निम्मी मुलं कॅफेत जातात. त्यात अवघड काही नाही. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० गुणिले ३००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले तर ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ एमबी. जेपीईजी हा प्रकार डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळून तो तीन-चार एमबीवर आणतो. अर्जाला तेवढाही लागत नाही. पासपोर्ट आकाराचा ३.५ गुणिले ४.५ सेंटिमीटरचा फोटो इंचाला २०० ठिपक्यांनी छापायचा तर सुमारे २७६ गुणिले ३५४ ठिपके पुरतात.

म्हणून आधी फोटो कापा, मग ठिपके कमी करा आणि तरीही फाइल मोठी राहिली तरच दर्जा उतरवा. उलट्या क्रमानं गेलात तर चेहरा धुरकट होतो आणि अर्ज तपासणीत अडकतो. हे फोनमधल्या साध्या फोटो एडिटरमध्ये होतं. ‘फोटो फुकट लहान करा’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर आधार आणि सही चढवायची काही गरज नाही. ती फाइल त्यांच्या संगणकावर जाते, पुढे तिचं काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. ‘क्लाउड’ म्हणजे ढगात काही नसतं. कुणाच्या तरी इमारतीतला, कुणाच्या तरी मालकीचा संगणक असतो; ऐरोली, महापे, रबाळे या नवी मुंबईच्या पट्ट्यात अशी डेटा सेंटरं रांगेनं उभी आहेत.

मार्कशीट, टीसी, डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयर असे कागद दिवसाच्या उजेडात, कागदाच्या बरोबर वर फोन धरून स्कॅन करा आणि पीडीएफ ठेवा. फाइलचं नाव आडनाव, कागद, वर्ष असं द्या. डाउनलोडमध्ये ‘डॉक्युमेंट (७)’ नावाच्या फाइली शोधताना शेवटच्या दिवशी घाम फुटतो.

मराठीतून नाव लिहायची जागा आली की युनिकोडच वापरा, म्हणजे फोनचा मराठी कीबोर्ड किंवा संगणकावरचा इनस्क्रिप्ट. डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं नाव आत रोमन अक्षरंच असतं, वर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. ते अर्जात चिकटवलं की मुखवटा गळतो आणि भलतीच अक्षरं उमटतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द म, ह, काना, र, काना, ष, हलंत, ट, हलंत, र अशा १० चिन्हांचा बनतो आणि नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी ३, असे ३० बाइट घेतो. एसएमएसमध्ये इंग्रजी मजकुराला १६० अक्षरं मिळतात आणि मराठीला ७०, त्याचंही कारण असंच: मराठी चिन्हाला जागा जास्त लागते.

आधार, डिजिलॉकर आणि कॅफेतली शिस्त

आधारची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो, पण तो ठरलेला आहे: आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. तुमच्या ईमेल पत्त्यात नाव आणि जन्मसाल दोन्ही असेल तर तो पासवर्ड तुम्ही जगाला सांगून टाकला. फाइल ‘लॉक’ आहे म्हणून कॅफेच्या संगणकावर सोडून येऊ नका.

पूर्ण आधार मागितलं नसेल तिथं ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात, आणि ते आधारच्याच संकेतस्थळावरून उतरवता येतं. शिष्यवृत्तीसारख्या कामाला पूर्ण आधार लागतं, तिथं ते द्यावंच लागेल. पण गॅदरिंगच्या ओळखपत्रासाठी किंवा क्रिकेट स्पर्धेच्या नोंदणीसाठी कुणी आधारचा फोटो ग्रुपवर मागितला, तर जन्माच्या पुराव्यासाठी शाळेचं बोनाफाइड चालेल का, एवढं विचारायला काय हरकत आहे?

डिजिलॉकर ही सरकारी दाखले फोनवर ठेवायची केंद्र सरकारची सोय २०१५ पासून आहे. त्यात दोन कप्पे असतात आणि त्यांत पुष्कळांचा गोंधळ होतो. ‘इश्यूड’ कप्प्यात मंडळाकडून किंवा सरकारी कार्यालयाकडून थेट आलेला दाखला असतो. कायद्यानं त्याला मूळ कागदाइतकंच स्थान आहे. दुसऱ्या कप्प्यात तुम्हीच चढवलेला फोटो असतो, त्याला झेरॉक्सपेक्षा जास्त वजन नाही. दहावीची मार्कशीट पहिल्या कप्प्यात ओढून घ्या.

कॅफेत जाणं टळणार नाही, प्रत्येकाच्या घरी संगणक नसतो. पण तिथं बसताना ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी (बंद केली की मागे इतिहास न ठेवणारी) उघडायला लावा. ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ आलं की नाही म्हणा. टाइप दादानं केलं तरी पासवर्ड तुम्ही टाका. फाइली द्यायला दादाच्या नंबरवर व्हॉट्सॲप करू नका. त्याच्या फोनमध्ये अशी शेकडो मुलांची आधार कार्डं साठलेली असतात आणि तो फोन कधी तरी दुरुस्तीला जातोच. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’चा भरवसा नाही, उतरवलेली प्रत राहते. पेनड्राइव्ह न्या, नाही तर स्वतःचा ईमेल तिथं उघडा. उठताना लॉगआउट, डाउनलोड फोल्डर रिकामा, मग रिसायकल बिनही रिकामा. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर घरी येऊन फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा. कॅफेचा संगणक अजून यादीत असेल तर काढा.

संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून वाचा

शिष्यवृत्तीचं खरं पोर्टल ‘महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ आहे. आता हे बघा: ‘महाडीबीटी डॉट गव्ह डॉट इन डॉट अर्जभरा डॉट ऑनलाइन’. सुरुवात ओळखीची, म्हणून बोट पुढे जातं. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ कुठं येते ते शोधा, आणि तिथून डावीकडे वाचत या. शेवटचे दोन-तीन तुकडे मालक कोण ते सांगतात. त्यांच्या आणखी डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो. दुसऱ्या पत्त्याचा मालक ‘अर्जभरा डॉट ऑनलाइन’ आहे, सरकार नव्हे. ‘गव्ह डॉट इन’ खासगी माणसाला मिळत नाही. बँकांनाही रिझर्व्ह बँकेनं ‘बँक डॉट इन’ हा वेगळा शेवट वापरायला सांगितला आहे.

काही ब्राउझरांत पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसतं, त्यावर विसंबू नका. तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधल्या वाटेवर कुणी डोकावत नाही, इतकाच त्याचा अर्थ. पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप दिसतं.

पैसे, एपीके आणि भाड्यानं दिलेलं खातं

यूपीआयचा पिन पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. ‘शिष्यवृत्ती जमा होतेय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाक’ असं कुणी म्हणालं की बोलणं तिथंच संपवा. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोडही तसाच. ‘चुकून तुझ्या नंबरवर आला, जरा सांग ना’ म्हणणारा मित्र बहुधा तुमचा मित्र नसतो; त्याचं खातं आधीच गेलेलं असतं आणि आता तुमचं जायची पाळी असते.

सध्या जोरात असलेला प्रकार म्हणजे लग्नपत्रिका. गावातल्याच ओळखीच्या नंबरवरून फाइल येते, नाव ‘लग्नपत्रिका’, शेवटी ‘डॉट एपीके’. कधी तेच वाहनाच्या दंडाचं चलन म्हणून येतं. एपीके हे अँड्रॉइडचं ॲप बसवायचं पुडकं आहे. पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, व्हिडिओ असेल. ती ॲप असायचं काही कारणच नाही. दाबलं की फोन विचारतो, ‘अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का?’ आणि पाठोपाठ एसएमएस वाचायची परवानगी मागितली जाते. ती दिली की बँकेचे ओटीपी तुमच्याआधी दुसरीकडे पोचतात. घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये जाऊन ‘अनोळखी ॲप बसवणे’ ही परवानगी व्हॉट्सॲपला आणि ब्राउझरला बंद करून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. आजीला सायबर सुरक्षेवर तासभर समजावण्यापेक्षा ते जास्त कामी येतं.

मुलांनी स्वतःहून ओढवून घ्यायचा धोका मात्र वेगळा आहे. अठरा पूर्ण झाली, खातं निघालं, की टेलिग्रामवर किंवा हॉस्टेलमधल्या एखाद्या सीनिअरकडून विचारणा होते: ‘तुझं खातं आणि एटीएम महिनाभर दे, पाच हजार मिळतील.’ फसवणुकीचे पैसे अशा खात्यांतून पुढे सरकवले जातात. तक्रार झाली की पोलीस पैशाचा माग काढत पहिल्यांदा ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात येतात. खातं गोठतं, त्यातली शिष्यवृत्तीही अडकते आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते. स्वतःच्या नावावर सिम काढून देणं हे त्याच जातीचं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. आई-वडिलांच्या नावानंही एकदा बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच कळवता येतो.

ग्रुप आणि फॉरवर्ड

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारले. कित्येक दिवस त्या भागातल्या फोनमध्ये मुलं पळवणाऱ्यांचे संदेश फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेली एक क्लिप तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी काढलेल्या चित्रफितीतून कापलेली होती. मूळ चित्रफितीत मोटारसायकलवरची माणसं मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणी तरी उडवला होता.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. संदेशावर दुहेरी बाण दिसला तर तो तुमच्यापर्यंत पाच किंवा जास्त हातांतून आला आहे. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे जातो. त्या बाणाकडे बघायची सवय लावा.

तपासायचं कसं? व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्सवर टाका, तीच चौकट आधी कधी आणि कुठं आली ते बघा. संदेशात गावाचं नाव असेल तर ते नाव आणि घटना मराठीत शोधा. खरी घटना असेल तर एखाद्या तरी दैनिकात आलेली असते. गावाचं नाव नाही, तारीख नाही, ‘आत्ताच पोलिसांनी कळवलंय’ आहे आणि शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’ आहे, तर फार शोधायचीही गरज नाही. केंद्र सरकारच्या योजनेबद्दल काही असेल तर पीआयबी (सरकारचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकवर नजर टाका.

आणि घरच्या ग्रुपवर काकांनी खोटं काही टाकलं तर? चारचौघांत ‘फेक आहे’ म्हणून झोडपू नका. काका इरेला पेटतात आणि संदेश आणखी दोन ग्रुपवर जातो. त्यांना वेगळा मेसेज करा: ‘काका, ही क्लिप जुनी आहे, ही बघा त्या वेळची बातमी. ग्रुपवरून तुम्हीच काढून टाकता का?’ बहुतेक काका काढतात.

मत मांडायला घाबरू नका, हेही सांगायला हवं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली. त्यावरून देशभर गदारोळ झाला आणि श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. अजूनही गावात कुणी ‘६६अ लावीन’ म्हणून दटावतं. ते कलम आता नाही. दुसऱ्याच्या नावानं खातं काढणं, धमकी देणं, कुणाचा खासगी फोटो पसरवणं यांना मात्र कलमं आहेत. ग्रुप ॲडमिनबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं, की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही. त्यात त्याचाही हात असल्याचं दिसायला हवं. कायद्याचं तसं असलं तरी वर्गाच्या ग्रुपचा ॲडमिन असाल तर कुणाची टिंगल चालली असताना गप्प बसू नका. संदेश काढायचं बटण तुमच्याकडे आहे.

दुसऱ्याचा फोटो

सहलीचे फोटो टाकताना ज्याचा चेहरा आहे त्याला विचारा. झोपलेल्या, रडणाऱ्या, जेवणाऱ्या मुलाचे स्टिकर बनवणं ही हॉस्टेलांतली आवडती करमणूक आहे आणि त्यातून शाळा सोडायची पाळी आलेली मुलंही असतात. फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि काही फोनांत जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते गळतात, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तसेच जातात. मैत्रिणीच्या घरी काढलेला फोटो असा गेला की तिचा पत्ताही गेला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ बंद करता येतं.

परवानगीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्रण करणं किंवा ते पाठवणं याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ईखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अठराच्या आतल्या मुलामुलीचं अश्लील चित्र असेल तर कलम ६७ब लागतं: पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. ‘मी काढला नाही, फक्त पुढे पाठवला’ ही पळवाट त्यात नाही. चेहरा बदलून, एआयनं बनवून टाकलेलं चित्रही गमतीत घेऊ नका.

असं तुमच्याच बाबतीत झालं आणि कुणी पैसे किंवा आणखी फोटो मागू लागलं, तर एक पैसाही देऊ नका. दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, तोच पुरावा आहे. स्क्रीनशॉट घ्या, खात्याचं नाव आणि लिंक उतरवून ठेवा, मग ब्लॉक करा. घरात किंवा शाळेत एका मोठ्या माणसाला सांगा. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. अठराच्या आतल्यांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. तिथं तुमचा फोटो कुणाकडे जात नाही. फोनवरच त्याचा हॅश तयार होतो, वर पासवर्डच्या वेळी पाहिला तसाच, आणि सहभागी संकेतस्थळं त्या हॅशशी जुळणारं चित्र शोधून काढून टाकतात.

प्रोजेक्ट आणि एआय

थोडक्यात सांगतो. गूगलवर दिसणारं चित्र फुकट असतंच असं नाही. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहातलं घ्या आणि चित्रकाराचं नाव, परवाना चित्राखाली लिहा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. एआयकडून समजावून घ्यायला हरकत नाही, पण तो नसलेली पुस्तकं आणि न घडलेल्या तारखा ठासून सांगतो. विशेषतः गावांचा इतिहास विचारून बघा, तुमच्या गावाबद्दल काय काय थापा मारतो ते लगेच कळेल. मित्रांची नावं, आजार, घरचे वाद त्याला सांगू नका.

काही घडलंच तर

पैसे गेले की पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला. घरच्यांची बोलणी खायची भीती नंतर. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात काही मिनिटांत सरकतात, म्हणून पहिल्या तासात केलेल्या तक्रारीला अर्थ असतो. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक जवळ ठेवा. यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की तो दिसतो. लगेच बँकेला कळवून खातं, कार्ड बंद करायला सांगा. मग ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर सविस्तर तक्रार भरा. महिला आणि मुलांविरुद्धचे गुन्हे तिथं नाव न सांगताही कळवता येतात.

बँकेकडे तक्रार करताना रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम माहीत असावा: तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुमचा. म्हणजे दोन्ही बाबतींत लवकर कळवण्यात फायदा आहे. तक्रारीची वेळ लिहून ठेवा आणि पोच मागून घ्या.

फोनच हरवला असेल तर दुसऱ्या फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, सिम बंद करायला लावा, यूपीआय बंद करायला बँकेला सांगा, मग पोलिसांत तक्रार. त्या तक्रारीची प्रत जोडून संचार साथीवर फोन ब्लॉक करता येतो. त्यासाठी १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक लागतो. तो फोन हातात असतानाच बघून ठेवा: डायल करायच्या जागी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा, जे आकडे येतील ते पासवर्डच्याच वहीत शेवटच्या पानावर उतरवा. दोन सिमच्या फोनला दोन आकडे येतात, दोन्ही लिहा.